बीं ज्याच्या घरीं, शेत त्याचें

‘पेरावें तसें उगवतें’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों. हिंगोली, सेनगांव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत या पांच तालुक्यांतील शेतकऱ्यास मात्र ती हल्लीं अर्धीच खरी वाटते. पेरावें आणि उगवेल कीं नाहीं म्हणून आठ दिवस तासांकडे डोळे लावून बसावें, अशी त्याची स्थिति झाली आहे. 2020 च्या जून महिन्यांत मराठवाड्यांत पेरलेलें सोयाबीन गांवोगांव उगवलेंच नाहीं. हजारों शेतकऱ्यांनीं तक्रारी केल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठास आपण होऊन त्या प्रकरणाची दखल घ्यावी लागली. बियाण्यासारख्या गोष्टीसाठीं जेथें न्यायासनाला हालावें लागतें, तेथें दुखणें किती खोल गेलें असेल तें वाचकांनींच ओळखावें.

अशा वेळीं काय होतें, तें आपण सर्वजण जाणतों. दुकानदार म्हणतो, “आम्हीं का तें घरीं केलें? कंपनीला विचारा.” कंपनीचा माणूस येतो, काडीनें माती उकरतो आणि म्हणतो, “पेर खोल पडली.” सरकारी माणूस म्हणतो, “पाऊस पुरता पडण्याआधींच तुम्हीं घाई केली.” तिघांच्याहि बोलण्यांत थोडें थोडें तथ्य असतें. परंतु तिघांपैकीं एकाचेंहि वर्षाचें पोट त्या तासांत पुरलेलें नसतें. तें असतें एकट्या शेतकऱ्याचें. म्हणून बोलणें सगळ्यांचें खरें ठरतें आणि नुकसान मात्र त्याच्या एकट्याच्या माथीं बसतें.

हें नुकसान म्हणजे काय, तें शहरांतल्या वाचकासाठीं सांगितलें पाहिजे. कोरडवाहू सोयाबीनची पेरणी पुरता पाऊस झाल्यावर सुरू होते आणि फार तर 15 जुलैपर्यंत करतां येते. त्या चार आठवड्यांत एकदां बीं फसलें, तर पुन्हां थैली, पुन्हां खत, पुन्हां ट्रॅक्टरचें भाडें, पुन्हां मजुरी. आणि या सर्वांसाठीं पुन्हां कर्ज. पैसा एक वेळ उसना मिळतो. गेलेली ओल कोण उसनी देईल? उशिरां पेरलेलें पीक शेंगा भरण्याच्या वेळीं पावसाला मुकतें, आणि पुढें हरभऱ्याची पेरणीहि मागें पडते. एका फसलेल्या थैलीनें दोन हंगाम जातात.

पूर्वीं बीं घरांत असे. कणगींत, मडक्यांत, राखेंत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून आपल्या माउल्या तें जपून ठेवीत. कोणत्या वावरांतलें कणीस बियाण्यासाठीं राखावें, हें बापापेक्षां आईलाच अधिक कळे. नवरात्रांत, रब्बीच्या तोंडावर, घटाभोवतीं माती घालून तींत धान्य पेरण्याची जी चाल आहे, ती आम्हांस तरी बियाण्याची उगवण पाहण्याचीच रीत वाटते. परंतु जुनें तें सर्व सोन्याचें होतें, असें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. दुष्काळांत कणगी रिकामी झाली कीं तोच शेतकरी सावकाराच्या ओट्यावर जाई, आणि मणभर बियाण्याचे सुगीला सव्वा मण, दीड मण मापून देई. सवाई-दिढीचा हा फास 1948 पूर्वींच्या निजामी राज्यांतहि होता आणि शेजारच्या इंग्रजी मुलखांतहि होता. बीं ज्याच्या घरीं, शेत त्याचें, हें सावकारानें शेतकऱ्याच्या आधीं ओळखलें होतें.

स्वराज्य आल्यावर हा फास सुटावा म्हणून संस्था निघाल्या. 1963 सालीं राष्ट्रीय बीज निगम आलें. 1972 सालीं परभणीस कृषि विद्यापीठ झालें. 1976 सालीं अकोल्यास महाबीज उभें राहिलें. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानें 1984 सालीं ‘नांदेड-44’ हा संकरित कापूस दिला, आणि तो मराठवाड्यानें वर्षानुवर्षें पेरला. या संस्थांचे उपकार नाकारणें हा कृतघ्नपणा होईल. मग बिघडलें कोठें? बिघडलें तें असें, कीं दोन निरनिराळ्या जातींचीं बियाणीं आपण एकाच तागडींत घातलीं.

एक संकरित बीं. त्याचे आई-बाप निराळे असतात. पहिल्या पिढीचा जोम दुसऱ्या पिढींत मोडतो, म्हणून तें दर वर्षीं विकत घेणें भाग असतें. कापसाचें तसें आहे. तेथें शेतकरी बाजाराच्या दारांत उभा राहणारच. तेथें त्याचें रक्षण सरकारनें भाव बांधून आणि कसून तपासणी करूनच केलें पाहिजे. भाव बांधतां येतो, हें 2006 सालीं दिसून आलें. बीटी कापसाच्या 450 ग्रॅमच्या पुडीला सोळाशें-अठराशें रुपये पडत होते. आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारीविरोधी आयोगाकडे गेलें, आणि पुडी 750 रुपयांवर आली. पुडींतलें बीं बदललें नव्हतें. बदललें होतें तें विचारणारें तोंड. पुढें 2015 सालच्या हुकुमानें केंद्र सरकार हा भाव ठरवूं लागलें.

दुसरें सरळ वाणाचें बीं. सोयाबीनचें फूल आपलेंच पराग आपणच घेतें. म्हणून जसा बाप तसा लेक. एकदां खात्रीचें प्रमाणित बीं आणलें, तर त्याच्याच पोटचें बीं राखून पुढें दोन-तीन वर्षें बिनघोर पेरतां येतें. हरभऱ्याचें तसेंच. तुरीवर मधमाशा एका शेतांतून दुसऱ्या शेतांत पराग नेतात, म्हणून तिच्या बियाण्याचें वावर इतर तुरीपासून लांब धरावें लागतें. एवढें सांभाळलें तर तीहि घरीं राखतां येते. असें असतां सोयाबीनसाठीं आमचा शेतकरी दर जूनमध्यें थैलीच्या दुकानापुढें रांग लावतो, हें कोणाच्या हिताचें? 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. त्या दरानें एका एकराच्या 30 किलो दाण्याची किंमत सुमारें 1,600 रुपये होते. थैलीला याहून किती अधिक मोजले, तें ज्यानें त्यानें आपल्या पावतीवर पाहावें.

कोणी म्हणेल, बियाणें सांभाळणें हें अडाणी शेतकऱ्याचें काम नव्हे. त्यास आम्ही वसमतचा रस्ता दाखवितों. वसमतच्या हळदीला 2024 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. हिंगोलीच्या बाजारांत हळद विकण्यास लांबलांबचे लोक येतात. या हळदीचें बेणें कोणत्या कंपनीच्या थैलींत येतें? एकरीं दहा क्विंटलांच्या आसपास बेणें लागतें. तें शेतकरीच काढतो, जेठे गड्डे निराळे करतो, सावलींत ढीग लावून पाल्यानें झांकतो, आणि लावणीपर्यंत राखतो. ज्याच्याजवळ नाहीं तो शेजाऱ्याकडून, पाहुण्याकडून विकत घेतो. एवढा मोठा बियाण्याचा व्यापार आमचे शेतकरी आपसांत चालवितात. त्यांत दोष नाहींत असें नाहीं. कंदकुजीचा रोग बेण्याबरोबरच एका वावरांतून दुसऱ्या वावरांत जातो, आणि बेणेंप्रक्रियेचा आळस कित्येकांना भोंवतो. परंतु हळदीचें नाजूक बेणें जो चार महिने राखूं शकतो, त्याला सोयाबीनचा दाणा राखतां येणार नाहीं, हें म्हणणें कोण ऐकून घेईल?

मात्र घरचें बीं म्हणजे ढिगांतलें कोणतेंहि पोतें नव्हे, हें आम्ही तितक्याच स्पष्टपणें सांगतों. सोयाबीनच्या दाण्याची साल फार पातळ असते आणि अंकुर त्या सालीच्या अगदीं खालीं असतो. मळणीयंत्र जोरानें फिरविलें, पोतें उंचावरून आपटलें, तर वरून गोरागोमटा दिसणारा दाणा आंतून मेलेला असतो. काढणीच्या वेळीं पाऊस लागला तरी तेंच होतें. 2020 च्या नापासीमागें 2019 च्या ऑक्टोबरचा पाऊस होता. म्हणून बियाण्याचें वावर पेरतांनाच वेगळें धरावें. फुलांच्या रंगावरून, झाडाच्या ठेवणीवरून परक्या जातीचीं झाडें उपटून टाकावीं. पावसाआधीं काढून झांकावें. मळणी यंत्राचे फेरे कमी करून, मिनिटास 350 ते 400 इतक्यावर ठेवून, करावी. दाणा पातळ पसरून वाळवावा. पोतीं लाकडी फळ्यांवर, थोड्याच थरांची थप्पी लावून, हवेशीर ठेवावीं. ज्यांना सिद्धेश्वर किंवा इसापूर धरणाचें पाणी आहे, त्यांतल्या कांहींनीं बियाण्यापुरतें उन्हाळी सोयाबीन घ्यावें. तें मे महिन्यांत कोरड्या उन्हांत निघतें, म्हणून परतीच्या पावसाचा घाला त्यावर पडत नाहीं.

आतां हिशेब करूं. एखाद्या गांवांत 1,000 एकर सोयाबीन आहे असें धरा. एकरीं 30 किलोप्रमाणें गांवाला 300 क्विंटल बीं लागेल. दर वर्षीं तिसरा हिस्सा नवा केला तरी पुरे, म्हणजे 100 क्विंटल. पायाभूत बियाण्याचें एक एकर पीक साधारण वर्षांत 8 क्विंटल उतरलें आणि चाळून-निवडून त्यांतलें 6 क्विंटल बियाण्याजोगें निघालें, तर 17 एकरांचें वावर सबंध गांवाची गरज भागवितें. त्या 17 एकरांस मूळ बीं किती लागेल? पांच क्विंटलांच्या आसपास. हें वाचून शेतकरी बंधूंनीं विचार करावा. पांच क्विंटल चांगलें बीं आणि पांच-सात मन लावणारीं घरें, एवढ्यावर गांवाची रांग मोडते.

तें मूळ बीं दूर नाहीं. परभणीचें विद्यापीठ शेजारच्याच जिल्ह्यांत आहे. एमएयूएस-71, एमएयूएस-158, एमएयूएस-162, एमएयूएस-612 हीं सोयाबीनचीं वाणें त्यानेंच काढलीं. बदनापूरच्या केंद्रानें तुरीचीं बीडीएन-711 आणि बीडीएन-716 दिलीं. दर वर्षीं 18 मे रोजीं, विद्यापीठाच्या स्थापनादिनीं, तेथें बियाण्याची विक्री होते आणि मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेले शेतकरी रांगा लावतात. ज्या मालाला अशी मागणी आहे तो पुरेसा कां नसावा? आमचें म्हणणें असें, कीं एकेका शेतकऱ्याच्या हातांत एकेक पिशवी देऊन हें काम भागणार नाहीं. विद्यापीठानें आणि महाबीजनें तें बीं गांवच्या गटाला द्यावें. कळमनुरी तालुक्यांत तोंडापूरला कृषि विज्ञान केंद्र आहे, त्याच्या शास्त्रज्ञांनीं वावरांत येऊन तपासणी करावी. आणि पुढल्या वर्षीं त्या गटानें गांवाला द्यावें. जगांत हें नवें नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें 1993 सालींच अशा घोषित-दर्जाच्या बियाण्याची पद्धति लिहून काढली. त्या धर्तीवर आफ्रिकेंतल्या टांझानियांत लहान शेतकऱ्यांचे गट बीं तयार करतात, तपासनीस त्यांतल्या कांहीं वावरांची पाहणी करतात, आणि तें बीं जवळपासच्याच मुलखांत विकलें जातें. जें टांझानियाच्या शेतकऱ्याला जमतें, तें हिंगोलीच्या शेतकऱ्याला कां जमूं नये?

विद्या ही विद्यापीठांतच उपजते, असा एक भ्रम आपल्या लोकांत आहे. चंद्रपूर जिल्ह्यांत नागभीड तालुक्यांत नांदेड नांवाचें खेडें आहे. आपल्या शेजारचें नांदेड शहर तें नव्हे. तेथील दादाजी खोब्रागडे या दीड एकराच्या दलित शेतकऱ्यानें 1983 सालीं आपल्या धानांत दोन-चार निराळ्या लोंब्या पाहिल्या, त्या वेगळ्या राखल्या, वर्षामागून वर्ष पेरून ‘एचएमटी’ नांवाचा तांदूळ सिद्ध केला. तो अनेक प्रांतांत पसरला. पुढें कृषि विद्यापीठानेंहि त्याच नांवाचा वाण आपल्या शिक्क्यानें प्रसृत केला, आणि श्रेयाचा वाद दादाजींच्या आयुष्यभर पुरला. 3 जून 2018 रोजीं ते वारले, तेव्हां गरिबीनें त्यांची पाठ सोडली नव्हती. अकोले तालुक्यांत कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे या शाळेंत न गेलेल्या आदिवासी बाईनें शेंकड्यानें गांवरान वाणें जपून बियाण्याची पेढी उभी केली; 2020 च्या पद्मश्रीच्या यादींत त्यांचें नांव आलें. बहुजनांच्या घरांत ही विद्या होती व आहे. तिला कमी समजून आपणच ती उकिरड्यावर टाकूं लागलों, आणि मग तीच रंगीत थैलींत भरून आपल्याला परत विकली जाऊं लागली.

कायदा काय म्हणतो? 1966 च्या बियाणें कायद्यानें खोटें बीं विकणाऱ्यास पहिल्या गुन्ह्याला 500 रुपयांपर्यंत दंड ठरविला. त्या काळीं 500 रुपये म्हणजे कांहीं तरी होतें. पण पुढील पन्नासांहून अधिक वर्षें तो आंकडा हालला नाहीं. शेतकऱ्याचें सबंध वर्ष बुडविण्याची किंमत एका थैलीपेक्षां कमी! नोव्हेंबर 2025 मध्यें केंद्र सरकारनें नव्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढें ठेवला आणि त्यांत दंड पुष्कळ वाढविले. चांगलें झालें. परंतु दंड सरकारच्या तिजोरींत जातो. ज्याचें वावर पडीत राहिलें त्याच्या पदरांत काय पडेल, हा आमचा सवाल आहे. ठरलेल्या मुदतींत, कोर्टाचे उंबरठे न झिजवितां भरपाई मिळेल, असें कलम ज्या कायद्यांत नसेल तो कायदा शेतकऱ्याचा नव्हे.

असलेले हक्क तरी आपण कोठें वापरतों? 2001 च्या कायद्यानें शेतकऱ्यास आपलें बीं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाची छापील नांवाची थैली भरून विकूं नये, एवढीच अट आहे. 2012 सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें, कीं बीं घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक न्यायालयांत दाद मागूं शकतो. आणलेलें सगळें बीं तो पेरूनच टाकणार, त्यानें तपासणीसाठीं नमुना मागें ठेवावा अशी अपेक्षा धरतां येत नाहीं. निकाल आपल्या बाजूचा आहे. तरीहि शहाण्यानें पक्की पावती, थैली, तिच्यावरील खूणचिठ्ठी आणि मूठभर दाणे पीक निघेपर्यंत जपावे. प्रमाणित बियाण्याची चिठ्ठी निळी असते. हिरव्या चिठ्ठीवर दर्जाची हमी कंपनी स्वतःच देत असते. सोयाबीनची उगवण शंभरांत 70 पेक्षां कमी असूं नये, असा नियम आहे. बीं उगवलें नाहीं, तर वावर मोडण्यापूर्वीं तालुक्याच्या तक्रार समितीकडे लेखी अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. नांगर फिरला कीं पुरावा गेला.

पण ज्याच्या हातीं पावतीच नाहीं त्यानें काय करावें? बटईनें किंवा ठोक्यानें करणारा, नवऱ्यामागें शेत ओढणारी बाई, औंढा-कळमनुरीच्या डोंगरपट्टींतला आंध आदिवासी, हे बहुधा उधारीवर थैली आणतात. उधारीच्या मालाला पक्की पावती मागण्याची छाती कोणाला होते? सातबारा दुसऱ्याच्या नांवावर, म्हणून अनुदानाची पिशवीहि दुसऱ्याच्या घरीं. फसवणूक सर्वांत आधीं यांची होते आणि भरपाई सर्वांत शेवटीं यांना मिळते. म्हणून गांवच्या बियाण्याच्या पेढीची पहिली अट हीच असावी, कीं ज्याला शेत नाहीं पण जो पेरतो, त्यालाहि बीं मिळेल. रोखीनें नसेल तर सुगीला मापास माप परत देण्याच्या बोलीवर मिळेल. गांवच्या चार बड्या घरांनीं पेढी काबीज केली आणि तेथेंहि सवाई-दिढी सुरू झाली, तर ओटा बदलला, सावकार तोच राहिला, असें म्हणावें लागेल.

सरकारकडे आमचें मागणें थोडकें आहे. प्रत्येक तालुक्याला पायाभूत बियाण्याचा ठरलेला वांटा द्या आणि तो गटांना द्या. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजीं झाला. तालुक्यांतल्या माणसाला दाण्याची उगवण जवळच तपासून मिळेल अशी सोय करा. दुकानांतल्या थैल्यांचे नमुने पेरणीआधीं तपासून त्यांचा निकाल मे महिन्यांतच चावडीवर लावा. पेरणी झाल्यावर आलेला निकाल शेतकऱ्याच्या काय कामाचा?

आणि शेतकरी बंधूंनो व भगिनींनो, सरकार जागें होईपर्यंत आपण निजून राहण्याचें कारण नाहीं. येत्या आखितीच्या सुमारास प्रत्येक घरानें आपल्या पोत्यांतले, वरचे-खालचे मिसळून, शंभर दाणे मोजावे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींनीं मांडावे, गुंडाळून सावलींत ठेवावे आणि ओल मोडूं देऊं नये. सातव्या-आठव्या दिवशीं उघडून चांगले कोंब मोजावे. सत्तर किंवा अधिक निघाले, तर दुकानाची पायरी चढण्याचें कारण नाहीं. साठांच्या वर निघाले, तर बीं थोडें वाढवून पेरावें. त्याहून कमी निघाले, तर तें पोतें बाजारांत धान्य म्हणून घालावें आणि वेळ आहे तोंच शेजाऱ्याकडे चांगलें बीं शोधावें. गांवांतल्या पोरांनीं हे आंकडे घरोघर फिरून वहींत उतरवावे. कोणाच्या घरीं किती चांगलें बीं आहे, याची ती यादी म्हणजेच गांवच्या पेढीचें पहिलें पान होय. तें पान जून उजाडण्यापूर्वीं लिहून झालें पाहिजे.